कोलकासचा मुक्काम

आफ्रिकेच्या जंगलातले लॉज आपल्या पगारात बसत नाहीत. पण परतवाड्याहून सेमाडोहच्या पुढे, सिपना नदीकाठी वनखात्याचे कोलकास विश्रामगृह आहे. तिथे आम्ही लेकराबाळांसह राहिलो. वाघ दिसला नाही (तो नवस फेडायला थोडाच येतो!), रात्रभर सिपना ऐकली.

मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे केलपाणी, गुल्लरघाट, धारगड ही गावे उठवून खाली अकोला जिल्ह्यात वसवली. तिथे शेती नाही, सोयी नाहीत, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये लोक परत जंगलात गेले. वनखात्याशी झटापट झाली. सेरेंगेटीतून मसाईंनाही १९५९ साली असेच हलवले होते. पाहुण्याला जंगलात खोली मिळते, कोरकूला त्याचेच घर मिळत नाही!

मुलांना मेळघाट दाखवाच. गाईड कोरकू असेल तर त्याचे गाव विचारा, आणि ते आता कुठे आहे तेही.