विंगेतली मालविका

कार्तिकातल्या देवप्रबोधिनी एकादशीला उज्जैनमध्ये कालिदास समारोह सुरू होतो. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या पुढाकाराने १९५८ साली सुरू झालेला हा समारोह आता या शहराच्या वर्षाचाच भाग झाला आहे. त्याआधी श्रावणात महाकाल मंदिराचा श्रावण महोत्सव होऊन गेलेला असतो. महाविद्यालयांचे युवा उत्सव, शाळांची स्नेहसंमेलने, गणपतीतले मंडप हे वेगळेच. शिंद्यांच्या अमलापासून इथे रुजलेल्या मराठी घरांतल्या अनेक मुलींनी गणपतीसमोरच्या मांडवातच पहिल्यांदा पायात घुंगरू बांधले. नृत्याला इथे मंचांची कमतरता नाही. आणि प्रत्येक मंचाच्या बाजूला, विंगेतल्या अंधारात, कुणीतरी मूल उभे असते. हात गार पडलेले, घसा कोरडा, आणि सहा महिने घोटलेल्या तोड्याचा पहिला बोलही आठवत नाही. त्याच वेळी शेजारून कुणी म्हणते, ‘घाबरायचं नाही हं’, आणि कुणी आठवण करून देते की मागच्या वर्षीचे बक्षीस शेजारच्या क्लासला गेले होते.

ही भीती आपण मुलाच्या खात्यावर टाकतो. तो भित्रा आहे, तिचा रियाज कमी पडला, तिला सवय नाही, असे म्हणून मोकळे होतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. मंचावरची भीती हा शिकलेल्या माणसाच्याही वाट्याला येणारा सरळ अनुभव आहे, आणि ती किती वाढते हे बऱ्याच अंशी भोवतीची मोठी माणसे ठरवतात: गुरू, पालक, परीक्षक, आयोजक. हे सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ज्याच्या नावाने या शहरात समारोह भरतो त्या कवीने हा विषय आपल्या तिन्ही नाटकांत हाताळला आहे.

‘मालविकाग्निमित्र’ नाटकात तर चक्क नृत्यस्पर्धाच आहे. विदिशेच्या अग्निमित्र राजाच्या दरबारी गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य. श्रेष्ठ कोण, यावरून त्यांच्यात जुंपते. निवाडा करायला परिव्राजिका कौशिकी बसते आणि ठरते असे की आचार्यांनी स्वतः काही करून दाखवायचे नाही, शिष्यांनी करून दाखवायचे. भांडण दोन गुरूंचे. त्यामागे राजाला मालविकेचे दर्शन घडवण्याचा विदूषकाचा डाव. आणि मंचावर उभी राहणार ती मालविका, जिचा यातल्या कशाशीही संबंध नाही. आजच्या आंतरशालेय स्पर्धांत वेगळे काय घडते? क्लासची प्रतिष्ठा, शाळेची ढाल, आईवडिलांनी वर्षभर सोसलेली ने-आण, हे सगळे त्या तीन-चार मिनिटांवर येऊन बसते आणि वजन पेलायचे असते दहा वर्षांच्या मुलीने.

पण कालिदास इथेच एक छोटी, मोलाची गोष्ट करतो. मालविका प्रवेश करते तेव्हा गणदास तिच्या शेजारी असतो, आणि तो तिला भीती सोडून मन स्थिर करायला सांगतो. ज्याची सगळी प्रतिष्ठा पणाला लागली आहे तो गुरू त्या घटकेला हस्तमुद्रेची आठवण देत नाही, चूक होऊ देऊ नकोस म्हणत नाही, समोर राजा बसला आहे असेही बजावत नाही. शिकवायचे ते शिकवून झालेले आहे. आता फक्त सोबत द्यायची आहे.

विंगेत शरीरात जे घडते त्याची नोंदही आपल्याकडे फार जुनी आहे. भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजणे, घाम, काटा येणे, आवाज फाटणे, थरथर, रंग उतरणे, रडू आणि भान हरपणे. नट ज्या खुणा भूमिकेसाठी कमावतो त्याच खुणा भीतीच्या वेळी न बोलावता येतात. आजचे शरीरशास्त्र त्यामागची यंत्रणा सांगते. धोका जाणवला की ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून बोटे गार पडतात, लाळ आटते. शरीर कामाला सज्ज होत असते. मुलाला हे आधी कधी कुणी सांगितलेले नसते, म्हणून त्या धडधडीचा अर्थ तो ‘मला जमणार नाही’ असा लावतो. हे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात आणि ते आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही कळते.

‘शाकुंतला’च्या सुरुवातीला सूत्रधार म्हणतो की जाणकार संतुष्ट होईपर्यंत मी माझ्या प्रयोगाला चांगले म्हणणार नाही; कितीही चांगले शिकलेल्यांचे मनसुद्धा स्वतःविषयी साशंकच असते. ही कबुली नवख्याची नाही, कसलेल्या सूत्रधाराची आहे. ‘तयारी पक्की असेल तर भीती वाटतच नाही’ असे मुलांना सांगणे म्हणूनच चुकीचे आहे. पक्की तयारी असूनही छाती धडधडली की मुलाला तयारीचीच शंका येऊ लागते.

तयारीचे खरे महत्त्व निराळे आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली तोवरचे अनेक प्रयोग एकत्र पाहून मांडले की प्रेक्षकांच्या उपस्थितीने अंगवळणी पडलेली कृती सुधारते आणि नवी, कच्ची कृती बिघडते. नृत्याच्या वर्गाला हे तंतोतंत लागू पडते. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ‘इथे अजून एक तिहाई टाकू, उठाव येईल’ म्हणून रचना बदलणारे शिक्षक थोडे नाहीत. त्या नव्या तिहाईपाशीच मूल अडखळते. शेवटच्या आठवड्यात नवे काही घालू नये. जे आहे ते लेहऱ्यावर, पूर्ण वेशात, अनोळखी जागी करून घ्यावे. रंगीत तालीम नाटकवाल्यांनी उगाच जपलेली नाही. नवे घुंगरू, अंगाला टोचणारा नवा पोशाख आणि गुळगुळीत फरशी यांची ओळख मुलाला स्पर्धेच्या मंचावरच व्हावी, ही आपली हयगय असते.

तालमीत आणखी एक गोष्ट शिकवली पाहिजे आणि ती फार थोड्या ठिकाणी शिकवली जाते: चुकल्यावर परत कसे यायचे. कथकात साथीला तबलजी असला तर तो नर्तकीचा चुकलेला पाय ओळखतो, सांभाळून घेतो, समेवर दोघे भेटतात आणि बहुतेक प्रेक्षकांना काही कळतही नाही. आज बहुतेक स्पर्धा ध्वनिमुद्रित संगीतावर होतात. ते संगीत कुणासाठी थांबत नाही. साथीदाराचा आधार गेला, तर त्याची भरपाई रियाजात व्हायला हवी. शिक्षकाने मध्येच थांबवावे, चार मात्रा सोडून द्याव्यात आणि मुलीला पुढची सम पकडायला लावावे. रचना नेहमी पहिल्यापासून घोटण्याऐवजी तिसऱ्या आवर्तनापासून, शेवटच्या तिहाईपासून सुरू करायला लावावी. पढंत मोठ्याने, हाताने ताल देत करून घ्यावी, कारण बोल तोंडात बसलेले असले की पाय विसरला तरी ताल हरवत नाही. चुकेन अशी भीती प्रत्येकाला असते. चुकलो तर कुठून परत यायचे हे ज्याला ठाऊक आहे, त्याची भीती लगेच हलकी होते. आमच्या मते भीतीवर याहून भरवशाचा उपाय नाही.

तिसरे नाटक ‘विक्रमोर्वशीय’. त्यात स्वर्गातल्या रंगमंचावरची चूक आहे. भरतमुनींनी बसवलेल्या ‘लक्ष्मीस्वयंवर’ नाटकात उर्वशी लक्ष्मीची भूमिका करते. तुझे मन कुणावर जडले आहे, या प्रश्नाला तिने ‘पुरुषोत्तमावर’ म्हणायचे असते. तोंडून निघते ‘पुरूरव्यावर’. मुनी तिला शाप देतात. स्वर्गातली अप्सरा, साक्षात भरताची शिष्या, तिच्या सरावात काय उणे असणार? तिचे मन भलतीकडे होते, एवढेच. विंगेतल्या मुलांचेही हेच होते. कुणाचे मन परीक्षकाच्या चेहऱ्यावर, कुणाचे तिसऱ्या रांगेत मोबाइल धरून बसलेल्या वडिलांकडे. काहींचे मन उलट बाजूने चुकते. आयत्या वेळी ते आपल्याच पायांवर पहारा ठेवू लागतात, आणि जो पाय आपसूक पडत होता तो विचार करून टाकायला गेले की अडखळतो. मग लक्ष ठेवायचे कुठे? परिव्राजिका मालविकेच्या नृत्याची वाखाणणी करते तेव्हा अंगांतून प्रकटलेला अर्थ, लयीला धरून पडणारी पावले आणि रसातली तन्मयता यांचा उल्लेख करते. लय आणि अर्थ, लक्ष ठेवायला याच दोन जागा. ‘हसत राहा, मान वर, परीक्षकांकडे बघ’ अशा सूचना मुलाचे लक्ष या दोन्हींपासून काढून घेतात.

प्रत्यक्ष विंगेत काय करावे, यावर थोडक्यात. श्वास सोडण्याला श्वास घेण्याहून जास्त वेळ द्यावा, असे दोन-तीन मिनिटे. त्याने हृदयाची गती उतरते. हातपाय हलते ठेवावेत, जागच्या जागी संथ ततकार करावा. ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असे म्हणणे उपयोगी पडते, असे अमेरिकेतल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसले. त्यात लोकांना गायला आणि भाषण करायला लावले होते. धडधड भीतीत आणि उत्साहात सारखीच असते, म्हणून भीतीवरून उत्साहावर जाणे शांततेवर येण्यापेक्षा सोपे पडते. नमन, भूमिवंदन, घुंगरांना हात लावून कपाळाला लावणे या परंपरेतल्या कृतींचाही मोठा आधार आहे. दर वेळी त्याच क्रमाने केलेली छोटी कृती मनाला ओळखीच्या जागी आणते.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. आपली थरथर आपल्याला जेवढी जाणवते तेवढी समोरच्याला दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली भाषण करणाऱ्यांवर याचा अभ्यास केला. ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली होती त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. मालविका नृत्य संपवून निघते तेव्हा विदूषक तिला अडवतो आणि तिचे काही राहून गेले आहे असे सुचवतो. त्या क्षणी कुणाही नर्तकीच्या छातीत धस्स व्हावे. राजाला मात्र ती तशी थबकून उभी राहिलेलीच नृत्यापेक्षा सुंदर वाटते. राजा प्रेमात आहे, त्याचे मत परीक्षकाचे धरता येणार नाही हे मान्य. पण परिव्राजिकाही नृत्य निर्दोष ठरवते, आणि विदूषकाने काढलेली उणीव नृत्यातली नसतेच. पहिल्या प्रयोगाआधी ब्राह्मणाची पूजा व्हायला हवी होती, एवढीच त्याची कुरकूर असते.

परीक्षकांबद्दलही बोलले पाहिजे. नाट्यशास्त्राच्या सिद्धीविषयक अध्यायात भरताने प्रयोगातल्या विघ्नांची यादी दिली आहे. त्यात दैवी आहेत, इतरांनी घडवलेली आहेत आणि नटाकडून घडणारीही आहेत: विसरणे, दागिना निखळून पडणे. निवाड्यासाठी बसणाऱ्या प्राश्निकांत त्याने नर्तकापासून व्याकरणकारापर्यंत आणि चित्रकारापासून गणिकेपर्यंत वेगवेगळे जाणकार बसवले. आणि तिथेच सांगितले की सर्वस्वी निर्दोष असे काही नसते, म्हणून नाट्यातले दोष फार ताणून धरू नयेत. नाटकातला भरत शाप देतो. शास्त्रातला भरत असा उदार आहे. आमच्या परीक्षकांनी या दुसऱ्या भरताचे ऐकावे. माईक हातात घेऊन, भरल्या सभागृहात, बारा वर्षांच्या मुलीचे नाव घेऊन तिची चूक सांगण्याची जी पद्धत टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी आणली आहे, ती शिक्षण म्हणून निरुपयोगी आहे आणि क्रूर आहे. शेरे कागदावर द्यावेत, गुरूच्या हाती द्यावेत.

आयोजकांकडून अपेक्षा साध्या आहेत. सकाळी अकराची वेळ देऊन संध्याकाळी पाचला मंचावर बोलावू नये. मेकअप करून, केस ओढून बांधून, उपाशीपोटी सहा तास बसलेल्या मुलाची भीती तासागणिक वाढते. ‘मालविकाग्निमित्रा’तही हे आहे. मालविकेचे नृत्य होते, मग हरदत्ताची पाळी. तेवढ्यात मध्यान्ह झाल्याची घोषणा होते, विदूषकाला जेवणाची आठवण येते आणि राजा हरदत्ताला उद्यावर ढकलतो. पुढे तो प्रयोग आपल्याला दिसतच नाही. त्याच्या शिष्येने केलेल्या तयारीचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. क्रम आणि वेळ आदल्या दिवशी कळवणे, मंचावर एकदा चालून पाहू देणे, प्यायला पाणी आणि बसायला जागा असलेली खोली देणे, यात खर्च फारसा नाही. पालकांनी विंगेत येऊ नये, हा नियमही आयोजकांनीच करावा. शेजारी गुरू पुरे. घरी परतताना गाडीत निकालाचे शवविच्छेदन सुरू होते, ते मात्र पालकांनाच थांबवावे लागेल. पुढच्या स्पर्धेची भीती तिथेच पेरली जाते.

एवढे सगळे करूनही काही मुलांची भीती जात नाही. आठवडाभर आधीपासून झोप उडते, उलट्या होतात, शाळेतही वर्गासमोर उभे राहता येत नाही. अशा वेळी ‘सवयीने जाईल’ म्हणून ढकलत राहू नये. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टप्प्याटप्प्याने, आधी दोघांसमोर, मग दहा जणांसमोर असे नेत ही भीती उतरवता येते आणि त्याला उपचाराचाच दर्जा आहे. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या काही व्यावसायिक कलावंत घेतात हे ऐकून त्या मुलाला परस्पर देऊ नयेत. दमा असलेल्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. आणि ज्या मुलीला नाचायचे आहे पण स्पर्धेत उतरायचे नाही, तिला क्लासमध्ये दुय्यम जागा देणे गुरूंनी आजपासून बंद करावे. तिची फी तेवढीच असते आणि तिचा ततकारही.