प्रवासांतील विजेची शिदोरी

पूर्वीं प्रवासास निघावयाचें म्हणजे आदल्या रात्रीं घरांत एकच गडबड उडत असे. वळकटी बांधली जाई, फिरकीच्या तांब्यांत पाणी भरलें जाई, दशम्या आणि कोरडी चटणी फडक्यांत बांधून शिदोरी सिद्ध होई, आणि घरांतील कोणी वडील माणूस कंदील हलवून आंत रॉकेल किती आहे याचा अंदाज घेई. आज वळकटी नाहींशी झाली, तांब्या माळ्यावर जाऊन बसला, आणि शिदोरीचें काम स्टेशनावरील वडापाव करूं लागला. परंतु आदल्या रात्रीची ती गडबड नव्या रूपानें उरलीच आहे. "माझी पॉवर बँक कोठें आहे? ती चार्ज केली कां?" हा प्रश्न हल्लीं बहुतेक घरांतून ऐकूं येतो. मोबाईलला वाटेंत वीज पुरविणाऱ्या ह्या चिमुकल्या पेटीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही वस्तु फार उपयोगाची आहे. परंतु ती बाळगावी कशी आणि वापरावी केव्हां, याचा विचार फारच थोडे लोक करितात, असें आमचें मत झालें आहे.

हें मत बनण्यास एक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं वरच्या वर्गांतील मुलांना घेऊन आम्ही हिवाळी सहलीहून परतत होतों. सूर्य मावळल्यावर घाटांतील एका वळणावर आमची बस बंद पडली. दुसरी बस केव्हां येईल हें कोणासही सांगतां येईना, आणि इकडे घरोघरीं आईबाप वाट पाहात बसलेले. मुलांजवळ पंचवीसएक मोबाईल होते. परंतु सकाळपासून छायाचित्रें काढून, गाणीं ऐकून आणि खेळ खेळून त्यांतील बहुतेकांनीं मान टाकली होती. पॉवर बँका चौघांजवळ होत्या. त्यांतील तीन दुपारच्या जेवणापूर्वींच रिकाम्या झाल्या होत्या. चौथी एका अबोल मुलाच्या पिशवींत तळाशीं, टॉवेलाच्या घडींत होती. दिवसभर त्यानें ती बाहेर काढलीच नव्हती. कारण विचारतां तो संकोचून म्हणाला, "आईनें सांगितलें होतें, घर येईपर्यंत हिला हात लावूं नकोस."

तरीही अडचण संपली नाहीं. आमच्या मोबाईलचें तोंड जुन्या घडणीचें, आणि त्या मुलाच्या तारेचें टोंक नव्या घडणीचें! शेवटीं ड्रायव्हरच्या आसनाखालीं एक मळकट जुनी तार सांपडली, आणि थोड्या वेळानें आमचा मोबाईल जागा झाला. पहिला निरोप शाळेंत गेला, दुसरा बसवाल्यांस गेला. मग त्या एका पेटीवर पाळीपाळीनें मुलांनीं आपआपल्या घरीं दोन दोन वाक्यें बोलून घेतलीं. ज्या तिघांनीं आपल्या पेट्या गाण्यांवर खर्चिल्या होत्या, तेही त्या रांगेंत मान खालीं घालून उभे होते.

त्या रात्रीं उशिरां परत येतांना आम्हांस प्रभु येशूनें सांगितलेला दहा कुमारींचा दाखला आठवला. मत्तयकृत शुभवर्तमानांतील हा दाखला आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें, तो कोणत्याही धर्माचा असो, केव्हां ना केव्हां प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला आहे. पांच जणींनीं दिव्यांबरोबर भांड्यांत तेल घेतलें, पांच जणींनीं घेतलें नाहीं. आणि वराला यावयास उशीर झाला. लहानपणीं आम्हांस त्या शहाण्या कुमारी थोड्या कठोर वाटत. थोडें तेल दिलें असतें तर काय बिघडलें असतें, असा प्रश्न आम्हीं आमच्या गुरुजींना विचारलाही होता. घाटांतील त्या रात्रीं आमच्यापुरता त्याचा उलगडा झाला. तेल एक वेळ वांटून घेतां येईल. परंतु आदल्या रात्रीं तें भरून ठेवण्याची बुद्धि ऐन वेळीं कोणाकडून उसनी मिळत नाहीं. त्या मुलाची वीज सर्वांस मिळाली, ती त्याच्या आईनें आदल्या दिवशीं सांगितलेल्या आणि त्यानें दिवसभर पाळलेल्या एका वाक्यामुळें मिळाली.

आतां ह्या पेटीच्या अंतरंगाकडे वळूं. इटलीच्या व्होल्टानें इ. स. १८०० मध्यें जस्ताच्या आणि दुसऱ्या धातूच्या चकत्यांची चळत रचून विजेचा अखंड प्रवाह मिळविला, तेथपासून विजेच्या घटांचा इतिहास सुरू होतो. आजच्या पेटींत असतो तो लिथियम-आयन घट. तो १९९१ सालीं बाजारांत आला, आणि त्याच्या घडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ यांचें वय ९७ वर्षांचें होतें! गणित आवडत नाहीं म्हणून वही मिटणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनीं हें वय जरूर ध्यानांत ठेवावें.

ह्या पेटीस 'बँक' हें नांव ज्यानें दिलें त्यानें तें नीट विचार करून दिलें असावें. बँकेंत ठेव ठेवल्यावांचून रक्कम काढतां येत नाहीं. आणि येथें तर ठेवलेली रक्कमही पुरी परत मिळत नाहीं. पेटीवर १०,००० हा आंकडा पाहून पुष्कळांस वाटतें कीं, ५,००० चा मोबाईल तिच्यावर बरोबर दोन वेळां भरेल. तसें घडत नाहीं. हा आंकडा मिलिअँपिअर-तासांचा असून तो आंतील घटाच्या सुमारें ३.७ व्होल्ट दाबास धरून असतो. दोहोंचा गुणाकार करितां पेटींतील एकंदर ऊर्जा ३७ वॉट-तास भरते. बाहेर देतांना हा दाब सामान्यतः ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. त्या हिशेबानें १०,००० चे ७,४०० च उरतात, आणि ह्या चढउतारांत कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें निघून जातो. म्हणून तसला मोबाईल दीड वेळां भरला तरी समाधान मानावें. सांठा मर्यादित आहे हें ज्यास कळलें, तो तो जपून खर्च करील.

कोणी म्हणेल, "आतां आगगाडीच्या डब्यांतून विजेची सोय झालेली आहे, मग हें ओझें कशाला?" त्यास आमचें उत्तर असें कीं, ती सोय प्रत्येक डब्यांत, प्रत्येक वेळीं आणि प्रत्येकास मिळेल असें नाहीं. आगीच्या भयास्तव रात्रीं ११ पासून पहांटे ५ पर्यंत हा पुरवठा बंद ठेवण्याचें रेल्वेनें २०२१ सालीं ठरविलें, आणि तें योग्यच होतें. शिवाय गड चढतांना, होडींतून जातांना, एस्. टी. च्या रांगेंत उभें असतांना भिंतींत वीज कोठून येणार? कोंकण रेल्वेनें जाणाऱ्यांस आणखी एक अनुभव येतो. त्या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळील करबुडे येथील बोगदा तर सुमारें साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. बोगद्यांत आणि डोंगरांच्या आड लहरी पोंचत नाहींत. मग मोबाईल त्यांच्या शोधांत अधिकच वीज खर्च करितो, आणि हातांत न धरतांही रिकामा होत जातो. अशा वेळीं तो 'फ्लाइट मोड'वर ठेवणें हा बिनखर्चाचा उपाय आहे.

आणि संकट कांहीं सांगून येत नाहीं. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरांत अडकली. चहूंकडे पाणी, आणि गाडींत हजाराहून अधिक उतारू! दुसऱ्या दिवशीं बचाव पथकांनीं त्या सर्वांस सुखरूप बाहेर काढलें. अशा जागीं सांपडलेल्या मनुष्यास ११२ ह्या क्रमांकावर साह्य मागतां येणें, किंवा "आम्ही सुखरूप आहों" एवढे तीन शब्द घरीं कळवितां येणें, याचें मोल कोण करील? आणि आदल्या सायंकाळीं त्यानें सगळी वीज चित्रपट पाहण्यांत घालविली असेल, तर त्या चित्रपटाची किंमत त्यास किती पडली?

दुसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. तो असा: "मुलांच्या हातीं ही पेटी दिली कीं त्यांचा मोबाईल कधीं मिटणारच नाहीं. निदान वीज संपली म्हणजे तीं खिडकीबाहेर तरी पाहतात!" ह्यांत पुष्कळ सत्य आहे. सह्याद्रीच्या घाटांतून पावसाळ्यांत जातांना धबधब्याकडे पाठ करून बसलेलीं मुलें आम्हींही पाहिलीं आहेत. तथापि, पेटी काढून घेणें हा त्यावर खरा उपाय नव्हे. त्यानें मुलाची संवय सुटत नाहीं, आणि आपत्काळीं तें मूल निराधार मात्र होतें. पूर्वीं आई शिदोरी बांधून देई, तेव्हां ती केव्हां सोडावयाची हेंही सांगे. गाडी हलली कीं फडकें सोडणाऱ्या मुलास हावरा म्हणत. हाच नियम येथें लावावा. पेटी द्यावी, आणि तिच्याबरोबर एक वाक्यही द्यावें.

पालकांसही आमची एक नम्र विनंति आहे. दर अर्ध्या तासानें "कोठें पोंचलास?" म्हणून विचारल्यानें मुलाचा प्रवास सुरक्षित होत नाहीं, त्याचा मोबाईल मात्र लौकर रिकामा होतो. निघाल्यावर एक, पोंचल्यावर एक आणि मुक्काम असेल तर रात्रीं एक, असे ठरलेले निरोप पुरेत. एकमेकांचीं तोंडें पाहात बोलण्यापेक्षां दोन ओळींच्या संदेशास फार थोडी वीज लागते.

सोयीच्या वस्तूंत धोकाही असतो, हेंही सांगितलें पाहिजे. २८ जानेवारी २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील बुसान येथील गिम्हे विमानतळावर, उड्डाणापूर्वीं उभ्या असलेल्या एका विमानास आग लागली. आंतील सर्व १७६ माणसें वांचलीं, परंतु विमान जळालें. आणि पॉवर बँकेंतील बिघाड हें आगीचें संभाव्य कारण म्हणून तपासांत पुढें आलें. लिथियमचा घट आंतून बिघडला, चेपला किंवा फार तापला, म्हणजे त्याची उष्णता आपोआप वाढत जाते आणि ती विझविणें कठीण पडतें. ह्याच कारणास्तव विमानप्रवासांत ही पेटी मोठ्या सामानांत देऊं देत नाहींत. ती आपल्याजवळील पिशवींतच ठेवावी लागते, म्हणजे धूर निघाला तर तो तत्काळ दिसतो. १०० वॉट-तासांपर्यंतची पेटी सामान्यतः चालते. १०० ते १६० पर्यंतच्या पेटीस विमान कंपनीची अनुमति लागते. त्याहून मोठी नेतां येत नाहीं. कांहीं कंपन्यांनीं तर २०२५ पासून उड्डाणांत तिचा वापरच बंद केला आहे. तेव्हां निघण्यापूर्वीं नियम विचारून घ्यावा.

आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आवश्यक आहे. ती खूण आणि क्रमांक पाहूनच खरेदी करावी. रस्त्यावर अर्ध्या किंमतींत मिळणारी निनांवी पेटी घेणें म्हणजे चार पैशांसाठीं उशाशीं निखारा ठेवणें होय. ती उन्हांत तापणाऱ्या मोटारींत ठेवूं नये, पांघरुणाखालीं घालून चार्ज करूं नये, आणि फुगलेली पेटी तर क्षणभरही वापरूं नये. निकामी झाल्यावर ती केराच्या पेटींत टाकणेंही गैर आहे. २०२२ च्या नियमांनीं जुन्या घटांच्या विल्हेवाटीची जबाबदारी ते बाजारांत आणणाऱ्या कंपन्यांवर टाकिली आहे. यास्तव ती योग्य संकलनकेंद्रांतच द्यावी.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें आहे. पेटी आदल्या रात्रीं भरा, आणि तिच्याबरोबर दोन्ही घडणींचीं टोंकें असलेली तार घ्या. ती गरजेसाठीं राखा, गंमतीसाठीं नव्हे. शेजारच्या आजीबाईंचा मोबाईल बंद पडला असेल, तर त्यांनीं मागण्याची वाट न पाहतां तुमची तार पुढें करा. शिदोरी सोडतांना शेजाऱ्यास विचारावयाची आपली जुनी रीत आहे, ती ह्या नव्या शिदोरीसही शोभेल. आणि एका लहानशा कागदावर घरचे व शाळेचे क्रमांक लिहून तो खिशांत ठेवा, शक्य तर ते पाठच करा. यंत्रें थकतात, पेट्या रिकाम्या होतात. पाठ केलेला क्रमांक कोणाच्याही मोबाईलवरून लागतो.

यंदांची सहल आतां जवळ आली आहे. आमच्या पिशवींत ह्या खेपेस एक पॉवर बँक आणि दोन टोंकांची तार राहील. ती आम्हांस न उघडतां परत आणतां आली, तर सहल उत्तम झाली असें आम्ही समजूं.