दोन पिकअप आणि एक मोजपट्टी

बियाणे घ्यायचे झाले तर आपण चार दुकाने फिरतो, बैल घ्यायचा झाला तर त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. पण आठ-दहा लाखांची गाडी मात्र शोरूममध्ये चहा पिता पिता ठरते. या वेळी त्याविषयीच सांगायचे आहे.

त्याचे असे झाले. ओतूरकडचे एक शेतकरी गेली काही वर्षे झेंडू, शेवंती आणि थोडी कोथिंबीर-मेथी करतात. माल दादरला जातो. मागच्या महिन्यात ते दोन कोटेशने घेऊन माझ्याकडे आले. एक महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे, दुसरे टाटाच्या योद्धाचे. दोन्ही गाड्या १.७ टन पासिंगच्या. "साहेब, दोन्हींतली कुठली घेऊ, तेवढे सांगा." सोबत वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, कुठली ते मागनं ठरवा. ही गाडी वर्षातले किती दिवस दारात उभी राहणार, ते आधी सांगा."

प्रश्न बरोबर होता. पण मी म्हटले, उत्तर ऑफिसात बसून मिळणार नाही. तुमचा माल जिथे उतरतो तिथेच जाऊन गाड्या पाहू.

माझे थोरले मेहुणे लालबागला चाळीत राहतात. १९८२ च्या संपात त्यांची गिरणीची नोकरी गेली, पण खोली राहिली. रात्री त्यांच्याकडे मुक्काम केला आणि पहाटे साडेतीनला आम्ही दोघे दादरच्या फुलबाजारात हजर झालो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दादर स्टेशनच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गाला लागून ही मंडई आहे. मीनाताई ठाकऱ्यांचे नाव तिला दिले आहे. इथल्या गर्दीत वसईकडच्या बायका लोकलने टोपल्या घेऊन उतरताना दिसतात. त्यांना गाडीची गरज नाही आणि कर्जाचीही नाही. दहा-वीस किलो फूल असणाऱ्याने पिकअपचे स्वप्न पाहूच नये.

मंडईच्या बाजूला रांगेने टेंपो उभे होते. (आपण कुठल्याही लहान मालगाडीला टेंपो म्हणतो. मुळात ते जर्मनीतल्या हँबुर्गच्या एका कंपनीचे नाव आहे. १९५८ पासून बजाज टेंपोने तिच्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे बांधल्या, पुढे मॅटॅडोर आली. ती कंपनी आता वेगळ्या नावाने चालते, शब्द मात्र आपल्याकडेच राहिला.) बोलेरो होत्या, योद्धा होत्या, छोटा हत्तीही होते. मी खिशातून मोजपट्टी काढली.

आधी हौदा मोजला. पिकअपचे हौदे साधारण आठ ते दहा फुटांचे असतात. रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास. आपले प्लास्टिकचे क्रेट ५४ सेंटिमीटर लांब आणि ३६ रुंद. नऊ फुटी हौद्यात एका थराला २१ क्रेट बसतात, सव्वाआठ फुटी हौद्यात १८. आता वजन धरा. टोमॅटोचा क्रेट रिकाम्या क्रेटसकट २२ किलो भरतो. म्हणजे १.७ टनाच्या गाडीत ७७ क्रेट झाले की पासिंग संपले, चार थरसुद्धा पुरे होत नाहीत. पण झेंडूचा क्रेट? तिथल्या काट्यावर आम्ही तोलून पाहिला, १२ किलोच्या आसपास भरला. सव्वाआठ फुटी हौद्यात सहा थर लावले तर १०८ क्रेट आणि १२९६ किलो. म्हणजे १.३ टनाच्या गाडीतही फुलाची खेप बसते! टोमॅटोवाल्याचा टन आधी संपतो, फुलवाल्याची जागा आधी संपते. दोघांनी एकच गाडी घेण्यात अर्थ नाही.

आमच्या पाहुण्यांचा चेहरा इथेच बदलला. दोन्ही कोटेशने १.७ टनाची होती, कारण शोरूममध्ये मोठी गाडी मोठीच दिसते.

पासिंगचा आणखी एक भाग कागदावरचा आहे. गाडीचे स्वतःचे वजन आणि माल मिळून ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. ३००० च्या वर लागते. सव्वा टनाच्या आसपासच्या पिकअप बहुधा या रेषेच्या आत असतात, १.७ टनाच्या बाहेर जातात. कोटेशन घेताना एकूण वजनाचा आकडा लिहूनच घ्या. आणि पासिंगपेक्षा जास्त भराल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार. एका खेपेत हंगामाचा नफा जाईल.

मग इंजिन. योद्धाचे २१७९ सीसीचे, १०० अश्वशक्तीचे. बोलेरो पिकअपचे २५२३ सीसीचे, पण ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास. शोरूममध्ये या आकड्यांवर पाऊण तास बोलणे झाले होते म्हणे. मी पाहुण्यांना विचारले, तुमची गाडी भरलेली असते तेव्हा घाट चढते की उतरते? ते हसायला लागले. ओतूरहून माल माळशेज उतरून मुरबाड, कल्याणमार्गे दादरला येतो. भरलेली गाडी उताराला, चढाला रिकामे क्रेट. पठारावरून मुंबईला येणाऱ्या बहुतेकांचे असेच आहे. मग ताकदीपेक्षा ब्रेक, टायर आणि पाटे जास्त महत्त्वाचे. परतीला कल्याणहून खत, सिमेंट भरून नेणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे १०० अश्वशक्ती कामाला येते आणि त्यासाठी चार पैसे जास्त देण्यात वावगे नाही.

उताराविषयी एक कळकळीने सांगतो, कारण ही गाडी बहुतेक घरांत विशीतला मुलगा चालवतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि इंजिन बंद करायचे, ही सवय घाटात जीव घेते. इंजिन बंद पडले की ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते आणि दीड टन माल मागून ढकलत असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पावसाळ्यात माळशेजला धुके आणि दरडी असतात, तेव्हा वेळ गाठण्यासाठी धावू नका. दुपारी तोडणी, संध्याकाळी भराई आणि रात्री गाडी, हे सगळे एकाच पोराच्या अंगावर टाकू नये. पाहुण्यांनी हे घरी सांगितले तेव्हा वहिनी इतकेच म्हणाल्या, "दुसरा ड्रायव्हर धरूनच हिशेब करा."

उजाडल्यावर आम्ही भुलेश्वरच्या फूलगल्लीकडे गेलो. गिरगावाला लागून आहे, आणि पाहुण्यांचा थोडा माल तिथेही जातो. तिथल्या बोळात हातगाडी, हमाल, गाय आणि स्कूटर एकाच वेळी असतात. एक लांब हौद्याचा पिकअप मागे घेताना तीनदा अडकला, आखूड हौद्याचा एका वळणात निघाला. गाडीचा वळणाचा घेर छापील कागदावर असतो, पण तो असा डोळ्यांनी पाहावा. शहरात मालगाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदीही असते आणि वेळा बदलत राहतात. अडत्याला विचारून निघावे.

ड्रायव्हर लोकांशी बोललो. त्यांनी इंजिनाचे एक अक्षर काढले नाही. गाडी रात्री बंद पडली तर मिस्त्री कुठे मिळतो आणि सुटा भाग किती दिवसांनी येतो, हेच सगळे सांगत होते. फूल दुसऱ्या दिवशी विकत नाही, त्यांचे बरोबरच आहे. तुमच्या तालुक्यात ज्या गाडीचा वर्कशॉप जवळ, तिला दोन गुण जास्त द्या. एप्रिल २०२० नंतरच्या काही डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. घेताय त्या गाडीला लागते का ते विचारा. आणि लागत असेल तर तयार द्रावणच घ्या. शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतला की यंत्रणा बिघडते. आपल्या लोकांना हा मोह होणार, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता वहिनींचा प्रश्न. परत लालबागला येऊन मेहुण्यांच्या कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. समजा हप्ता महिना १९ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख २८ हजार. विमा, कर, फिटनेस, टायरचा वाटा धरून साधारण २ लाख ८० हजार. गाडी हलली नाही तरी हे जाणारच. एका खेपेला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, डिझेल सुमारे २४०० रुपयांचे, टोल, चहापाणी आणि दुसरा माणूस ७००. पाहुणे आजवर भाड्याच्या पिकअपला खेपेला ६५०० देत होते. वर्षाला ६० खेपा केल्या तर स्वतःची खेप जवळजवळ ७७५० ला पडते, म्हणजे भाड्याची गाडीच स्वस्त. १२० खेपा केल्या तर साडेपाच हजारांच्या आत येते. ८२-८३ खेपांवर दोन्ही बाजू सारख्या होतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. ८३ ही आमच्या पाहुण्यांची रेघ होती आणि त्यांच्या स्वतःच्या मालाच्या खेपा होत्या ५५.

उरलेल्या खेपा कुठून आणायच्या? टोमॅटो घेतला तर मोठी गाडी लागणार. म्हणून त्यांनी दोन चुलतभाऊ आणि वहिनींच्या माहेरकडचा एक फूल-कोथिंबीरवाला असे तिघे गाठले आणि क्रेटमागे भाडे आधीच ठरवून घेतले. एक मात्र सांगितले, मागे माणसे बसवायची नाहीत. लग्नाचे वऱ्हाड हौद्यात नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

मला विचाराल तर टोमॅटो-कांदा आणि परतीला खत असलेल्याने जास्त ताकदीची, मोठ्या पासिंगची गाडी पाहावी. योद्धा त्यात बसते. आता दोन्ही कंपन्यांच्या गाड्या दोन टनांपर्यंत मिळतात. फूल-पालेभाजीवाल्याने लहान पासिंग आणि आखूड हौदा घ्यावा. पाहुण्यांनी दोन्ही जुनी कोटेशने परत केली आणि १.३ टनाची नवी मागवली. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवर २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, त्याआधीचा कागद कुणी दाखवला तर तो बाजूला ठेवा.

शेवटी बोलेरोच ठरली. मुख्य कारण आळेफाट्याचा मिस्त्री. बुकिंगच्या दिवशी वहिनी सोबत गेल्या होत्या आणि शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीचा हौदा त्यांनी माझ्याच मोजपट्टीने मोजून घेतला. मोजपट्टी अजून त्यांच्याकडेच आहे.