पोराला सवंगड्यांतून उठवू नका

घरात कुणी गेले की पहिल्या तासाभरात लहान मुलाला उचलून शेजारच्या घरी नेतात. टीव्ही लावून देतात, हातात बिस्किटाचा पुडा ठेवतात. पुढचे तेरा दिवस घरातल्या प्रत्येकाला काही ना काही काम असते. कुणी भटजींकडे जातो, कुणी चहाचे बघतो, कुणी आल्यागेल्यांपाशी बसतो. काम नसते ते फक्त त्या पाच-सहा वर्षांच्या पोराला. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’, असे म्हणून सगळे मोकळे होतात. हे साफ चूक आहे.

जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे जरा जोर देऊनच सांगायला हवे. इथला कर्ता माणूस पहाटे लोकलच्या दारात लटकून निघतो, नाहीतर एमआयडीसीत पाळीला जातो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारातले प्रवासी रुळांवर पडून दगावले. त्याच्या आदल्या वर्षी, २३ मे २०२४ रोजी, डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. अशा मरणाला आजारपण नसते, निरोप नसतो. सकाळी डबा घेऊन गेलेला बाप संध्याकाळी येत नाही आणि पोराला सांगितले जाते, ‘बाबा गावाला गेलेत.’

पोर ते शब्दशः खरे मानते. हंगेरीच्या मारिया नागी यांनी १९४८ साली मुलांच्या मनातल्या मृत्यूच्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणे किंवा झोपणे वाटते, असे त्यांना आढळले. गेलेला माणूस परत येतो, झोपलेला उठतो. म्हणून मूल वाट बघते. बाबा आले नाहीत की कारण स्वतःतच शोधते: मी हट्ट केला, मी पेन्सिल हरवली, म्हणून ते येत नाहीत. मोठ्यांनी मायेपोटी सांगितलेले खोटे असे पोराच्या अंगावर येते. ‘बाबा वारले, त्यांचे शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही’, हे साध्या शब्दांत, जवळ घेऊन सांगता येते. एकदा सांगून भागणार नाही. ते पुन्हापुन्हा विचारील आणि दर वेळी तेच उत्तर द्यावे लागेल.

बाकीचे काम मूल स्वतः करते, खेळून. बाहुलीला आडवी करून वर रुमाल पांघरते, उठवते, पुन्हा झोपवते. भातुकलीत एक ताटली जास्त मांडते. बंद पडलेला मोबाइल कानाला लावून बाबांना शाळेतली भांडणे सांगते. आजी हे बघून धसकते, ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून ओरडते. आजीचे दुःख खरे आहे, पण ओरडू नये. मुलांच्या काल्पनिक सोबत्यांवर अमेरिकेत मार्जोरी टेलर यांनी मोठे काम केले आहे. सात वर्षांपर्यंतच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना असा एखादा सोबती कधी ना कधी असतो आणि तो खोटाखोटा आहे हे बहुतेकांना ठाऊकही असते. मोबाइलवरच्या बाबांशी बोलणारे पोर वेडे झालेले नसते. त्याला जे आईपाशी बोलता येत नाही, कारण आई रडते, ते तिथे बोलता येते.

बाप गेलेल्या पोराचे जग आपल्या दोन चित्रपटांनी फार जाणतेपणाने दाखवले. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरच्या ज्ञानेशचे वडील नाहीत. आहे ती त्यांनी बनवलेली सायकल, आणि तिला नाव एलिझाबेथ. ती विकायची वेळ येते तेव्हा ज्ञानेश आणि त्याचे सवंगडी ऐन एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचा धंदा मांडतात. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तला (२०१५) अकरा वर्षांचा चिन्मय वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नवी शाळा, अनोळखी पोरे. कुठे तो जरा रुळतो, बंड्यासारखा मित्र मिळतो, तोच पुन्हा बदलीचा हुकूम.

मला सगळ्यात जास्त हेच सलते. बाप गेला की भाडे झेपत नाही, आई माहेरी जाते, पोराला मामाकडे ठेवतात, शाळा बदलते. त्यामागची अडचण कुणाला कळत नाही असे नाही. पण त्या पोराने बाप गमावलेला असतोच, वर त्याच महिन्यात बाकावरचा जोडीदार, गल्ली, मैदान सगळे जाते. जमेल त्याने निदान ते शालेय वर्ष तरी तिथेच पुरे करू द्यावे. मोठी माणसे त्याच्यासमोर आवाज खाली आणतात. मित्र मात्र सरळ विचारतो, ‘तुझे बाबा मेले ना?’ आणि पुढच्याच क्षणी म्हणतो, ‘चल, तुझा डाव.’ हे औषध दुसऱ्या कुणाजवळ नाही.

सरकारने कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली. बालसंगोपन योजनेची मदत ११०० रुपयांवरून २२५० करण्याची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. पैसा लागतोच, तो वेळेवर मिळालाच पाहिजे. त्याच्या जोडीला गावातल्या शाळेतल्या बाईंनी आणि गुरुजींनी तीन गोष्टी कराव्यात: त्या मुलाची बसायची जागा बदलू नये, वर्गासमोर त्याची कीव करू नये आणि ‘माझे कुटुंब’ हा निबंध आला तर आधी त्याला बाजूला घेऊन विचारावे. महिने उलटले तरी मूल जेवत-झोपत नसेल, खेळणेच सोडले असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. १०९८ ही मुलांसाठीची आणि १४४१६ ही टेलि-मानसची हेल्पलाइन आहे.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. सुतकाच्या घरी पोरांना पाठवायचे नाही, ही रीत या एका बाबतीत सोडून द्या. तुमच्या मुलाला चेंडू घेऊन त्या दारात जाऊ द्या.