गाडा कोणाच्या नावावर?



मागच्या महिन्यात बचत गटांच्या प्रशिक्षणासाठी मराठवाड्यातल्या एका गावी गेले होते. जेवणानंतर एका विक्रेत्याने शाळेच्या पटांगणात दोन चाकांचा लोखंडी गाडा आणून उभा केला. कड्या सोडून त्याने एकीवर एक मिटलेल्या सोलरच्या प्लेटा उलगडल्या आणि थोड्याच वेळात पिंपातले पाणी नळीतून उडू लागले. बायका गाड्याभोवती जमल्या. विक्रेता मात्र सगळी माहिती सांगत होता ती मागे उभ्या असलेल्या सरपंचबाईंच्या यजमानांना.

गर्दीतल्या एका ताईने मला हळूच विचारले, "याला सातबारा लागतो का हो?"

नवरा गेल्यापासून ही ताई दीड एकर एकटी कसते. जमीन सासऱ्यांच्या नावावर, विहीर दिरांशी सामाईक. विजेची पाळी रात्रीची असली की मोटार सुरू करायला दिरांची विनवणी करायची, नाहीतर बॅटरी घेऊन एकटीने निघायचे. विंचूकाट्याची भीती ती बोलून दाखवते. दुसरी भीती ती बोलत नाही, पण ती आपल्याला कळते.

२०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ साली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. दिवसा पाणी देता येणे ही मोठीच गोष्ट आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण 'मागेल त्याला' म्हणजे सातबारा असेल त्याला. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमतीही हवी. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेनंतर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे परिपत्रक आपल्या राज्यात १९९२ सालीच निघाले होते. तरीही या ताईसारख्या किती जणी अजून कागदाबाहेरच आहेत!

गाडा विकत घ्यायला मात्र सातबारा लागत नाही, तो गटालाही घेता येतो. म्हणूनच मला त्यात रस वाटला. पण डोळे उघडे ठेवून पाहू. एक अश्वशक्तीच्या पंपाला साधारण हजार वॉट लागतात, म्हणजे तीन प्लेटा. एकेक वीस किलोच्या आसपास, वर सांगाडा आणि पंप. हे दोघी-तिघींना सडकेवरून ढकलता येईल. पावसाने फुगलेल्या काळ्या रानात नाही. तीन अश्वशक्तीचा घेतला तर ट्रॅक्टर हवा आणि मग पाळी ट्रॅक्टरवाला ठरवणार. माझे मत लहान गाड्याच्या बाजूने आहे. उथळ विहिरीवर अर्धा-पाऊण एकर भाजीपाला त्यावर निघू शकतो. पाण्याची गरज नसेल तेव्हा इन्व्हर्टर जोडून शिलाई मशीन चालेल. पिठाची गिरणी चालेल असे विक्रेता म्हणतो, पण सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. तेव्हा गिरणी समोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरी काळजी वेगळीच आहे. चाके असलेली वस्तू हलवणेही सोपे. पूर्वी एका गटाचे मळणीयंत्र पहिल्याच हंगामात एका सभासदाच्या नवऱ्याच्या शेडमध्ये गेले. "बायकांच्याने यंत्र सांभाळायचे नाही," एवढे कारण पुरले. पावती गटाच्या नावाची होती आणि गटातल्या बायका त्याच यंत्राचे भाडे भरत होत्या. मी तेव्हा हिशेबाची वही नीट लिहिली जाते याचेच समाधान मानत राहिले, किल्ली कोणाकडे आहे हे विचारलेच नाही. म्हणून या वेळी विक्रेत्याला अट घातली आहे, की गाडा उलगडणे, मिटणे आणि वायरी जोडणे त्याने गटातल्या तिघींना शिकवायचे, त्यांच्या यजमानांना नाही.

गाडा आला म्हणून सातबाऱ्याचा आग्रह सोडायचा नाही, हे तर आहेच. पण तोवर गटाच्या ठरावावर आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर अशा गाड्यांना अनुदान मिळावे, ही मागणी आपण सर्व संघटनांनी मिळून करायला हवी.

त्या गावच्या गटाने दोन बैठका घेतल्या. बचतीतून किती काढायचे ते ठरले, किल्ली दर महिन्याला बदलत्या घरी राहील हेही ठरले. पहिली पाळी कोणाची, यावर मात्र भांडण झाले. विहीरवाल्या बायका म्हणतात आमची. ताईची विहीर सामाईक, त्यामुळे तिथे गाडा लावायला दिराची हरकत येईल म्हणून तिचे नाव यादीत शेवटी टाकले होते. तिने ते खोडायला लावले आहे. पुढची बैठक पौर्णिमेला आहे.