दर्जा राष्ट्रीय संघाचा, भाडं मात्र क्लबचं

प्रति,
स्वीडिश फुटबॉल महासंघ, सोल्ना



२०१३ मध्ये आपण महिला फुटबॉलच्या दुसऱ्या स्तरावरचे उत्तर-दक्षिण गट मोडून एलिटएत्तान ही एकच देशव्यापी लीग केलीत. १४ संघ, २६ फेऱ्या, प्रत्येकाला १३ सामने परगावी. उत्तरेतल्या उमेओहून दक्षिणेतल्या मालमोला रस्त्याने एका बाजूचं अंतर १,२०० किलोमीटरहून जास्त. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर! या स्तरावरच्या बहुतेकींचं पोट फुटबॉलवर चालत नाही. शनिवारच्या सामन्यासाठी शुक्रवारची रजा टाकायची, रात्र बसमध्ये काढायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. पुरुषांच्या बाबतीत हे अंतर आपल्या बरोबर लक्षात येतं. त्यांचा तिसरा स्तर उत्तर आणि दक्षिण असा १६-१६ संघांत विभागलेला आहे. त्यांचा दुसरा स्तर देशव्यापीच आहे, असं आपण म्हणाल. खरं आहे, पण त्या स्तराचे टीव्ही हक्क अव्वल लीगसोबत विकले जातात. तुलना स्तराच्या क्रमांकाची करायची की क्लबच्या तिजोरीची?

एका लीगमुळे चुरस वाढली, हेही मान्य. लीग पुन्हा मोडा, अशी मागणी मुळीच नाही. पण वाढलेल्या दर्जाचं फळ राष्ट्रीय संघाला मिळतं. विश्वचषकात २०१९ आणि २०२३ अशी दोन कांस्यपदकं, ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदकं आपल्या खात्यावर आहेत. मग त्या दर्जाचं भाडं क्लबांनी का भरायचं? प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, हे उत्तर पुरेसं नाही; नावाजलेले क्लबही टिकलेले नाहीत. २००३ आणि २००४ मध्ये युरोप जिंकलेला, ब्राझीलची तारका मार्ता जिथे घडली तो उमेओ क्लब २०१६ च्या अखेरीस याच स्तरावर घसरला. टिरेसो २०१४ च्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळला आणि त्याच हंगामात पैशाअभावी अव्वल लीगमधून बाहेर पडला. युरोपच्या अंतिम फेरीतला क्लब तग धरू शकत नसेल, तर त्याखालच्यांनी कशाच्या जोरावर उभं राहायचं?

क्लबांनी आपसात खर्च वाटून घेतला, तरी एकूण बोजा एका क्रोननेही हलका होत नाही. तो महासंघानेच उचलायला हवा, राष्ट्रीय संघाच्या कमाईतून. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लावण्याआधी प्रत्येक क्लबचा प्रवासखर्च जाहीर करा आणि तो पूर्ण भरण्याची लेखी हमी द्या.