पडीक म्हटला गेलेला माळ

चाकण-भोसरीच्या कारखान्यांचा विषय निघाला की आपल्यातील वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "इथे पूर्वी होते काय? नुसता पडीक माळ!" कांदा-बटाट्याच्या आडतीवर ज्यांनी संसार उभे केले, त्यांना तसे वाटावे हे स्वाभाविक आहे. ज्या जमिनीचे उत्पन्न वहीत जमा होत नाही, ती पडीक. मात्र हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

लोणावळ्याला धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता झपाट्याने उणावतो. त्यामुळे इकडे घनदाट अरण्य नव्हे, तर गवताळ माळ, बाभळी-बोरी आणि काटेरी झुडपे हेच निसर्गाचे रूप. माणसाने जंगल तोडले म्हणून माळ उरला, असा समज दीर्घकाळ होता. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातील वृक्षांचे उल्लेख धुंडाळले आणि पश्चिम महाराष्ट्रातील हे माळ निदान ७५० वर्षे जुने असल्याचे दाखवून दिले. मेंढपाळांची चराई, लांडगा, खोकड आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी हे सारे या माळाच्याच आधाराने जगत आले.

अर्थात माणसाचा हात या भूमीला कारखान्यांनीच प्रथम लावला असे नाही. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनी वसाहत सापडली. पुराचे पाणी वळवण्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी बांध घालून पाट खोदला होता. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट. सपाटीवर संरक्षण हवे म्हणून भोवती खंदक खोदलेला. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्ताखानाविरुद्ध तो सुमारे ५५ दिवस लढवला. या फेरबदलांचा वेग मात्र बैलाच्या चालीचा होता.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वेग पालटला. टेल्कोच्या आवारात सुमंत मूळगावकरांनी आग्रहाने तळे करविले, झाडे लावविली. उद्योगपतीची ही दृष्टी विरळच. तरीही तळ्याभोवतीची राई आणि पूर्वीचा माळ या दोन भिन्न सृष्टी होत. एकीला आलेले पक्षी दुसरीच्या पाखरांची जागा भरून काढीत नाहीत, हे वृक्षारोपणाच्या समारंभात कोणी सांगत नाही.

खरा पालट पाण्यात झाला. पवना धरण झाल्यापासून उन्हाळ्यात पवनेला जे पाणी दिसते ते बव्हंशी धरणातून सोडलेले. रावेतच्या बंधाऱ्यावर ते उचलून शहराला दिले जाते. म्हणजे नदी हाच कालवा झाला. हे पाणी नदीतून न सोडता बंद जलवाहिनीने थेट नेण्याचे ठरले, तेव्हा वाटेवरच्या मावळातील शेतकऱ्यांना आपल्या विहिरी-उपशाचे भय वाटले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघे बळी पडले. आपल्या नळाच्या पाण्यामागे ही नोंद आहे. इंद्रायणीची कथा आणखी खिन्न करणारी : आळंदीच्या घाटावर वारकरी स्नानाला उतरतात, तेथे पाण्यावर सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगतो.

नदीचे पात्र केवळ वाहत्या पाण्यापुरते नसते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. या पट्ट्यात राडारोडा टाकून जमीन उंच केली की पुराचे पाणी नाहीसे होत नाही, ते समोरच्या काठावरील घरात शिरते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून महानगरपालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. घेणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी ओतली होती. प्लॉट पाडून विकणारे केव्हाच पैसे मोजून मोकळे झाले होते.

गोदामासाठी जागा घेताना आपण सातबारा, फेरफार, रस्ता सारे बारकाईने पाहतो. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा विकास आराखड्यावर दाखवलेल्या असतात. तो नकाशाही विसार देण्यापूर्वी मागून घ्यावा. आणि शेजारच्या शेतातील एखाद्या वृद्धाला एवढेच विचारावे की, इथून ओढा वाहत होता का, आणि त्याचे नाव काय होते.